शाळेच्या वाद्यवृंदातून मैत्री कशी जुळवावी
सुरुवातीला तबला, हार्मोनियम, बासरी आणि झांजा एवढी वाद्ये पुरेशी असतात. पहिले काही आठवडे गाणे न बसवता 8 मात्रांचा (ठोक्यांचा) केरवा ताल, पहिल्या मात्रेवर टाळी व पाचवीवर काल (टाळी न देता हात बाजूला करणे) दाखवत, सर्वांकडून एकत्र म्हणून घ्यावा, कारण ज्याला सोबत्याची लय ऐकू येते तोच पुढे त्याला सांभाळून घेतो. बुजऱ्या मुलाकडे झांजा द्याव्यात. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, त्याच्या हाती आली की त्याची मान हळूहळू वर होते, आणि हा बदल खरोखर पाहण्यासारखा असतो. एखाद्याची लय सुटली, तर त्याला न थांबवता तबलावादकाने ठेका साधा ठेवून त्याला पुन्हा समेवर आणावे. माझ्या मते मैत्रीची खरी सुरुवात येथेच होते. वाद्ये आवरून ठेवण्याचे कामही मुलांनीच मिळून करावे.