कोरियन तरुणांच्या किडनीवर थीसिस करणार असाल तर

सोलला पब्लिक हेल्थ शिकायला येणारे आपले डॉक्टर विषय शोधताना या प्रश्नावर हमखास येतात: इथल्या विशीतल्या मुलांमध्ये किडनीचे आजार इतके कसे? मी यावरच काम केलंय, म्हणून चार गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे, इथे ते सापडतात कारण शोधले जातात. शाळांमध्ये 1998 पासून मुलांची लघवी तपासतात. पुढे एकोणिसाव्या वर्षी सक्तीच्या लष्करी सेवेसाठी मेडिकल होते, त्यातही लघवी तपासली जाते. एरवी दवाखान्याची पायरी न चढणारा धडधाकट पोरगा स्ट्रिपवर रक्त किंवा प्रोटीन दिसलं म्हणून पुढे पाठवला जातो. काहींची बायोप्सी होते आणि तिथे सर्वाधिक निघतो तो आयजीए नेफ्रोपॅथी, म्हणजे किडनीच्या गाळण्यांत आयजीए नावाची प्रतिपिंडं साचून होणारा आजार. नागपूरला रेसिडेन्सी करताना या वयाचे पेशंट आमच्याकडे यायचे ते पायांवर सूज आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा कचरा, किडनी बिघडली की साचतो) सहा-सात झाल्यावर. त्यामुळे दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढायचा मोह आवरा.

डेटासाठी राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणी धरा. रॉ फाइल्स फुकट मिळतात. 2011–13 च्या फेऱ्यांवरून विशीपुढच्या प्रौढांमध्ये जुनाट किडनीविकाराचं प्रमाण 8.2 टक्के निघालं होतं. हा आकडा तरुणांना लावू नका, त्यातला मोठा वाटा म्हाताऱ्यांचा आहे. शिवाय व्याख्येप्रमाणे बिघाड तीन महिने टिकायला हवा, आणि पाहणीत रक्त-लघवी एकदाच घेतात. त्याहून मोठी गोम म्हणजे ही घरोघरची पाहणी आहे. बराकीत राहणारी मुलं तिच्यात येतच नाहीत, म्हणजे तुम्हाला हवा तोच वयोगट अर्धवट. तरुण पुरुषांचं सॅम्पल आधीच छोटं असतं, तेव्हा अनेक वर्षांच्या फाइल्स एकत्र करा आणि वेट्स (सॅम्पलमधला एक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या वतीने मोजायचा ते आकडे) लावायला विसरू नका. लष्करी मेडिकलच्या डेटामागे मात्र परदेशी विद्यार्थ्याने लागू नये. कोरियन गाइड स्वतः हात घालत असेल तरच.

क्रिएटिनिनवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आमच्या लॅबमधला एकजण रोज जिमला जायचा, डब्यात कायम चिकन ब्रेस्ट. त्याचा ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, कमी, 68 आला आणि पठ्ठ्या घाबरला. सिस्टॅटिन सी, म्हणजे स्नायूंवर फारशी न अवलंबणारी रक्ततपासणी, केली तर सगळं नॉर्मल, दंडांनीच घोळ केला होता. प्रोटीनचंही तसंच: आदल्या दिवशीची धावपळ किंवा ताप, इतकंच काय, नुसतं उभं राहण्यानेही पोरांच्या लघवीत प्रोटीन उतरतं. म्हणून सकाळची पहिली लघवी. उंच, किडकिडीत मुलात रक्त दिसलं तर नटक्रॅकरही आठवा, म्हणजे डाव्या किडनीची शीर दोन धमन्यांमध्ये चेपणं.

आणि हंटाव्हायरस वेगळा ठेवा. कोरियन युद्धात तीन हजारांवर सैनिकांना ताप, रक्तस्राव आणि किडनी बंद पडण्याचा जो आजार झाला, त्याचा विषाणू ली हो-वांग यांनी 1976 मध्ये शेतातल्या उंदरांमध्ये शोधला. हंटान नदीवरून नाव पडलं. आजही सीमेलगतच्या जवानांना त्याची लस देतात. वाचायला फार रंजक प्रकरण आहे, पण हा तीव्र आजार, जुनाट विकाराच्या टक्केवारीत तो मिसळला की परीक्षक पहिल्याच पानावर अडवतो.

फाइल्स उघडण्याआधी आयआरबीकडून (संशोधनाला नैतिक मंजुरी देणारी संस्थेची समिती) सूट मिळाल्याचं पत्र घेऊन ठेवा. जर्नलवाले त्याचा नंबर मागतात, आणि मागाहून तो मिळवणं म्हणजे नस्ता ताप.