११९-१०९ म्हणजे एकतर्फी नव्हे: बॉक्सिंगचा स्कोअर वाचताना या चुका टाळा

लास वेगासमधल्या शनिवारी रात्रीच्या मोठ्या लढती नागपुरात रविवारी सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास दिसतात. बारा राउंड अटीतटीचे होतात, निकाल वाचला जातो ११९-१०९, आणि घरात एकच गलका होतो: एवढी टक्कर दिली, अन् दहा गुणांचा फरक? जज कधी कधी खरंच चुकतात. पण बऱ्याचदा आपणच तो आकडा चुकीचा वाचतो.

एकूण गुणांना दोघांमधलं अंतर समजणे

सगळ्यात मोठी चूक हीच आहे. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये प्रत्येक राउंडचा वेगळा निकाल लागतो: जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. केसभर फरकाने जिंकलेला राउंडही १०-९ आणि तीन मिनिटं वर्चस्व गाजवून जिंकलेलाही बहुतेक वेळा १०-९च. राउंड किती फरकाने जिंकला, हे बेरजेत उतरतच नाही.

हिशेब करून बघा. बारापैकी तीन राउंड लाल कोपऱ्यातल्या बॉक्सरचे स्पष्ट, एक निळ्याचा स्पष्ट आणि आठ काठावरचे. आठही लालला दिले तर कार्ड, म्हणजे जजची गुणपत्रिका, ११९-१०९. तेच आठ निळ्याला दिले तर निळा ११७-१११ ने जिंकतो. लढत तीच, ठोसे तेच. काठावरचा एक राउंड इकडचा तिकडे गेला की फरक दोन गुणांनी हलतो, म्हणून आठ राउंडांत सोळा गुणांची उलथापालथ होते.

१७ ऑक्टोबर २०२० ची तेओफिमो लोपेझ विरुद्ध वासिल लोमाचेन्को ही लढत या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. तीन जजांची कार्डं होती ११६-११२, ११७-१११ आणि ११९-१०९, तिन्ही लोपेझच्या बाजूने. पहिल्या सात राउंडांत लोमाचेन्कोने फार कमी ठोसे मारले. त्यातले कित्येक राउंड शांत होते, पण शांत राउंडही कोणाला तरी द्यावाच लागतो, आणि काम लोपेझ करत होता. आठव्यापासून लोमाचेन्को पेटला आणि पाहणाऱ्याच्या मनात लढत बरोबरीची झाली. कार्डावर मात्र आधीचे राउंड जमा झालेले होते.

उपाय सोपा आहे. वहीत तीन रकाने आखा: राउंड, गुण, खात्री. तिसऱ्या रकान्यात ‘स्पष्ट’ किंवा ‘काठावर’ एवढंच लिहा. शेवटी आधी हरलेल्याचे स्पष्ट राउंड मोजा. ११८-११० या कार्डात हरणाऱ्याला दोनच राउंड मिळालेले असतात. तुमच्या वहीत त्याचे स्पष्ट राउंड दोन किंवा कमी असतील, तर ते कार्ड मोठ्या फरकाचं असलं तरी चालण्यासारखं आहे. तीन-चार असतील तर शंका रास्त. १६ सप्टेंबर २०१७ ला कॅनेलो अल्वारेझ आणि गेनाडी गोलोव्किन यांच्या लढतीत एका जजने कॅनेलोला ११८-११० दिले, दुसऱ्याने गोलोव्किनला ११५-११३, तिसऱ्याने ११४-११४. आमच्या मते गोलोव्किनचे स्पष्ट राउंड दोनाहून नक्कीच जास्त होते. ते कार्ड या कसोटीवर टिकत नाही, आणि लोपेझचं ११९-१०९ बरंचसं टिकतं.

५-० ऐकून ‘धुलाई झाली’ म्हणणे

ही चूक नागपुरातल्या पालकांकडून फार होते आणि पोरांचं मन मोडते, म्हणून नीट समजून घ्या. हौशी बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांचे तीन राउंड आणि पाच जज असतात. ५-० म्हणजे पाचही जजांनी एकाच बॉक्सरला विजयी ठरवलं, एवढंच. पाचही कार्डं २९-२८ असू शकतात. तसं असेल तर हरलेल्या पोराने प्रत्येक कार्डावर एक राउंड जिंकलेला असतो आणि फरक फक्त एका राउंडचा असतो. पाचही कार्डं ३०-२७ असली तरी निकाल ५-०च.

गोंधळाचं एक कारण जुनी पद्धत आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये विजेंदर सिंग उपांत्य फेरीत ८-५ ने हरला, तेव्हा ते आकडे जजांनी बटण दाबून मोजलेल्या ठोशांचे होते. २०१३ पासून हौशी लढतींतही १०-९ ची पद्धत आली. आता आकडे जजांचे असतात, पण बघणाऱ्याच्या डोक्यात अजून ठोसेच बसलेत.

टोकियो ऑलिंपिकमध्ये २९ जुलै २०२१ ला मेरी कोमने इंग्रित वालेन्सियाविरुद्ध दुसरा आणि तिसरा राउंड ३-२ असा जिंकला, पण पहिला १-४ ने गेला होता आणि लढत २-३ ने हरली. तीनपैकी दोन राउंड जिंकून पराभव कसा? कारण प्रत्येक जज आपल्या तीन राउंडांची बेरीज स्वतंत्र करतो. राउंडचं बहुमत आणि जजांचं बहुमत या दोन वेगळ्या गोष्टी.

मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा एखाद्या कॉलेजच्या हॉलमध्ये लढत झाली की कोचकडून राउंडवार गुण मिळतात का ते आधी विचारा. २९-२८ असेल तर गेलेल्या दोन राउंडांचा व्हिडिओ काढून स्वच्छ ठोसे मोजा: मुठीचा पुढचा भाग, चेहऱ्यावर किंवा कमरेच्या वर, समोरच्याच्या गार्डला (बचावासाठी वर धरलेल्या हातांना) न लागता. गार्डवर आपटलेल्या दहा ठोशांपेक्षा असे तीन जास्त वजनाचे. पोरगा ‘मी जास्त मारले’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा गार्डवरचे धरून म्हणतो. जिंकतानाही हेच तपासा. नागपूरच्या अल्फिया पठाणने एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधल्या जागतिक युवा स्पर्धेची अंतिम लढत ५-० ने जिंकून सुवर्ण आणलं. पाचही जजांचं एकमत झालं हे त्या आकड्यातून कळतं, प्रत्येक राउंड किती चुरशीचा होता ते लढत पाहूनच कळतं.

शेवट आठवणे, सुरुवात विसरणे

अकराव्या-बाराव्या राउंडची छाप सगळ्या लढतीवर पडते. एका राउंडच्या आतही तेच होतं. ६ एप्रिल १९८७ ला शुगर रे लिओनार्ड राउंडच्या शेवटच्या ३० सेकंदांत ठोशांची सरबत्ती करायचा आणि राउंड आपल्याकडे ओढायचा. मार्विन हॅग्लरविरुद्धच्या त्या लढतीत एका जजने त्याला ११८-११० दिले, उरलेले दोघे ११५-११३ वर विभागले गेले. यावर उपाय म्हणजे राउंडचे मिनिटाप्रमाणे तीन भाग पाडा, प्रत्येक भागाला एक खूण करा आणि घंटा झाल्यावर दहा सेकंदांत गुण लिहून टाका. मागचा आकडा नंतर खोडायचा नाही.

इजा आणि गुण एकच मानणे

१७ मार्च १९९० ला हुलिओ सेझार चावेझविरुद्ध मेल्ड्रिक टेलर अकरा राउंडांनंतर दोन कार्डांवर १०७-१०२ आणि १०८-१०१ असा पुढे होता. चावेझचे ठोसे कमी, पण जड होते. टेलरचा चेहरा सुजला होता, तो रक्त गिळत होता. बाराव्या राउंडमध्ये तो पडला आणि दोन सेकंद उरली असताना रेफरीने लढत थांबवली, म्हणजे टेलर हरला. गुणांत तो खूप पुढे होता, तरी लढत कधीच त्याच्या खिशात नव्हती. म्हणून वहीच्या कडेला सूज, रक्त, पायांची डगमग वेगळी लिहा. गुणांत मिसळू नका.

नॉकडाउनचा हिशेब चुकणे

पाडलं की राउंड साधारण १०-८. १ डिसेंबर २०१८ ला टायसन फ्युरीला डिऑन्टे वाइल्डरने नवव्या आणि बाराव्या राउंडमध्ये पाडलं. एका जजचं कार्ड ११३-११३ होतं. त्या दोन राउंडांना १०-८ धरलं की फ्युरीला सात आणि वाइल्डरला पाच राउंड देऊनही बेरीज बरोबरीतच येते.

कानाने गुण देणे

समालोचक ज्याचं नाव जास्त घेतो, त्याचे ठोसे जास्त वाटतात. आवाज बंद करा. मोबाइल बाजूला ठेवा, आणि तर्री-पोहे आधी खाऊन घ्या. एक राउंड अर्धवट पाहिला की तो नकळत आवडत्या बॉक्सरच्या खात्यात जातो. जज रिंगच्या वेगवेगळ्या बाजूंना बसतात, कॅमेरा बराच वेळ एकाच बाजूने दाखवतो. बॉक्सरची पाठ तुमच्याकडे असताना पोटावरचे ठोसे दिसत नाहीत, तो राउंड ‘काठावर’ लिहा.

अधिकृत कार्डं जाहीर झाली की तुमची बेरीज त्यांच्या बेरजेशी जुळवू नका. राउंडनुसार ताळा करा, तिन्ही जजांपेक्षा वेगळा दिलेला राउंड शोधा आणि तेवढाच आवाज बंद ठेवून पुन्हा बघा.