युरोपीय करारावर सार्वमत घ्यावं का, हे कसं ठरवायचं

युरोपियन युनियनचा नवा करार आला की "लोकांना विचारा" ही मागणी होतेच, आणि ती मला रास्त वाटते, पण म्हणून प्रत्येक करारावर मतदान घ्यायचं असंही नाही.

आधी बघा, देशाचे अधिकार खरंच ब्रसेल्सकडे, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाकडे, जातायत का. डेन्मार्कच्या घटनेत हे आधीच लिहून ठेवलंय, असे अधिकार द्यायचे तर संसदेत पाच-षष्ठांश मतं हवीत, ती मिळाली नाहीत तर लोकांकडे जा. आयर्लंडमध्ये घटना बदलायची तर सार्वमत घ्यावंच लागतं, आणि युनियनचं स्वरूपच बदलणाऱ्या करारासाठी घटना बदलावी लागते, हे १९८७ मध्ये क्रॉटी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं. असा नियम आधीपासून असला की सरकार आपल्या सोयीने "यावेळी घेऊ, त्यावेळी नको" करू शकत नाही.

मग मजकूर बघा. युनियनचे जुने करार बदलणारा २००७ चा लिस्बन करार उघडून पाहा, पानंच्या पानं नुसतं अमुक कलमातले शब्द काढून तमुक घाला, एवढंच. त्यामुळे जुना करार बदलांसकट सलग छापून द्यायला हवा आणि तो समजावायचं काम सरकारकडे नको, वेगळ्या तटस्थ आयोगाकडे हवं.

पण खरा प्रश्न, जो कुणी आधी विचारतच नाही, तो म्हणजे "नाही" आलं तर काय करणार? २००५ मध्ये युनियनसाठी प्रस्तावित युरोपीय राज्यघटनेला फ्रान्समध्ये जवळपास ५५ टक्के लोक नाही म्हणाले, तीनच दिवसांनी नेदरलँड्समध्ये ६१ टक्क्यांहून जास्त, आणि त्यातला बराचसा भाग लिस्बन करारातून परत आला, तेव्हा दोन्हीकडे तो संसदेतच मंजूर करून टाकला. लोकांना हे लागणारच हो! उलट डेन्मार्कने १९९२ मध्ये मास्ट्रिख्ट करार (ज्यातून युरोपियन युनियन उभी राहिली) नाकारला तेव्हा युरो, संरक्षण वगैरे चार बाबतीत सूट मिळवली आणि मग १९९३ मध्ये परत विचारलं. काही पदरात पडलं असेल तर दुसऱ्यांदा विचारायला माझी हरकत नाही, नुसतं होकार येईपर्यंत विचारत राहायचं असेल तर आहे.

आणि किमान मतदानाची अट घालू नका. नेदरलँड्समध्ये २०१६ मध्ये युनियनच्या युक्रेनबरोबरच्या सहकार्य कराराच्या वेळी ३० टक्क्यांची अट होती, मतदान झालं ३२ टक्के. मतदान कमी पडलं तर निकालच बाद, त्यामुळे अशा अटीमुळे होकार देणाऱ्यालाच घरी बसणं जास्त फायद्याचं होऊन बसतं.