इंग्रज उमराव घराण्यातील किताबांचा इतिहास कसा शोधावा

इंग्रज उमराव घराण्याच्या किताबांचा इतिहास लिहायला घेतला की हात आधी वंशावळीकडे जातो, आणि बहुतेक चुका तिथेच सुरू होतात. वंशावळ कोण कोणाचा मुलगा एवढेच सांगते. किताब कोणाकडे जाणार हे मात्र ज्या सनदेने तो दिला गेला त्या सनदेतील शब्दांवर ठरते. म्हणून घराण्याकडे असलेल्या प्रत्येक किताबाची स्वतंत्र नोंद करून तो कोणत्या साली, कोणत्या राजाने आणि कोणत्या अटीवर दिला हे प्रथम लिहून काढावे.

उमरावपदाच्या पायऱ्या वरून खाली ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन अशा आहेत. जेम्स पहिला याने १६११ मध्ये सुरू केलेली बॅरोनेटची पदवीही वंशपरंपरेने चालते, परंतु तिचा धारक उमराव नसतो, त्यामुळे तिला वेगळ्या रकान्यात ठेवावे.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्यासाठी सवडीने वेळ द्यावा. सनदेतील वारशाच्या कलमात बहुधा पहिल्या धारकाच्या औरस पुरुष वंशजांनाच हक्क दिलेला असतो. याचा अर्थ असा की पाचव्या धारकाला मुलगा नसला तर किताब दूरच्या चुलतभावाकडे जाऊ शकतो, मात्र तो चुलतभाऊ पहिल्या धारकाचा पुरुषवंशातील वंशज असला पाहिजे. खुद्द पहिल्या धारकाच्या भावाला अशा सनदेने काहीच मिळत नाही. मध्ययुगातील काही बॅरनपदे सनदेने नव्हे, तर संसदेला हजर राहण्याच्या राजाज्ञेतून निर्माण झाली आहेत, आणि ती मुलींकडेही जातात. मुली एकाहून अधिक असल्या तर त्यांचा हक्क सारखा मानला जातो, आणि एकच वारस उरेपर्यंत किंवा राजसत्ता त्यांपैकी एकाची निवड करेपर्यंत किताब स्थगित राहतो. जुन्या वंशावळींत ‘डी. एस. पी.’ म्हणजे निःसंतान मृत्यू आणि ‘डी. एस. पी. एम.’ म्हणजे पुत्र नसताना झालेला मृत्यू. या शेवटच्या ‘एम.’कडे दुर्लक्ष झाले तर हक्क असलेली मुलगीच नजरेतून निसटते.

सनदांच्या नोंदी लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात, ‘सी ६६’ या मालिकेत आहेत. जुन्या नोंदी बहुधा लॅटिनमध्ये असल्या, तरी कलमांची ठेवण ठरावीक असल्यामुळे थोड्या सरावाने त्या वाचता येतात. १६६५ पासून निघणाऱ्या ‘लंडन गॅझेट’मध्ये नव्या किताबांच्या घोषणा सापडतात.

हे सारे एकत्र कसे चालते हे पाहण्यासाठी मार्लबरोच्या घराण्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही. जॉन चर्चिल १६८९ मध्ये मार्लबरोचा अर्ल झाला. परंतु ‘मार्लबरोचा अर्ल’ हाच किताब १६२६ ते १६७९ या काळात ले नावाच्या दुसऱ्या घराण्याकडे होता, आणि तेथील चौथ्या अर्लबरोबर तो संपला. नव्या सनदेने गणती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, म्हणून ‘पहिला अर्ल’ असे लिहिताना सनदेचे सालही लिहावे.

डिसेंबर १७०२ मध्ये राणी ॲन हिने जॉन चर्चिलला ड्यूक केले, आणि पुढच्याच फेब्रुवारीत त्याचा तरुण मुलगा मरण पावला. येथे तारखांचा सापळा आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे तेव्हाच्या कागदांत हा मृत्यूही १७०२ मध्येच पडतो आणि किताब मिळण्याच्या आधी मुलगा गेला असा उलटा क्रम मांडला जाऊ शकतो. जानेवारी ते २४ मार्च या काळातील तारखांना दोन्ही साले जोडून लिहावीत.

मुलगा गेल्यावर मूळ सनदेप्रमाणे ड्यूकपद जॉनबरोबरच संपले असते. परंतु १७०६ मध्ये संसदेने खास कायदा करून ते त्याच्या मुलींना व त्यांच्या वंशजांना मिळावे अशी सोय केली. त्यानुसार १७२२ मध्ये थोरली मुलगी हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. तिचा मुलगा १७३१ मध्ये तिच्याआधीच वारला, म्हणून १७३३ मध्ये तिच्या मृत्यूनंतर ड्यूकपद तिची बहीण ॲन हिचा मुलगा चार्ल्स स्पेन्सर याच्याकडे गेले. तो आधीच संडरलंडचा पाचवा अर्ल होता. १६४३ चा तो किताब तेव्हापासून ड्यूकपदाच्या पोटात आला. आल्थॉर्पची जहागीर चार्ल्सच्या धाकट्या भावाला मिळाली आणि त्या भावाच्या मुलाला १७६५ मध्ये अर्ल स्पेन्सर हा नवा किताब मिळाला. अशा रीतीने थोरली पाती मार्लबरोच्या ब्लेनहाइम वाड्यात आणि धाकटी आल्थॉर्पला स्थिरावली. थोरल्या पातीने ‘स्पेन्सर-चर्चिल’ हे जोडनाव १८१७ मध्ये घेतले, त्यामुळे केवळ आडनावावरून माग काढणारा येथे हमखास चुकतो.

सौजन्याचे, म्हणजे केवळ रिवाजाने लावले जाणारे किताब खऱ्या किताबांत मिसळू देऊ नयेत. ड्यूकच्या थोरल्या मुलाला ‘ब्लँडफर्डचा मार्क्वेस’ म्हणतात, पण वडील हयात असेपर्यंत तो उमराव नसतो. सातव्या ड्यूकचा धाकटा मुलगा लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल ‘लॉर्ड’ म्हणवला जात असूनही सामान्यांच्या सभागृहात निवडून येत असे. त्याचे पुत्र विन्स्टन हे १८९५ पासून १८९७ मध्ये नवव्या ड्यूकला मुलगा होईपर्यंत ड्यूकपदाचे पुढचे वारस होते. अशा होऊ शकलेल्या वारसांचीही नोंद ठेवावी.

प्रत्येक पिढीत लग्नाची तारीख तपासावी, कारण प्रश्न औरसपणाचा असतो आणि दत्तक मुलाला किताब मिळत नाही. १८५८ पूर्वीच्या श्रीमंतांची बहुतेक मृत्युपत्रे कँटरबरीच्या धर्मन्यायालयात सिद्ध होत असत आणि आज तीही क्यू येथेच आहेत.

शेवटच्या रकान्यात किताब चालू, संपलेला, स्थगित की मोठ्या किताबात विलीन आहे हे लिहावे. चालू असल्यास २००४ मध्ये सुरू झालेल्या उमरावांच्या अधिकृत नोंदवहीत सध्याच्या धारकाचे नाव आहे का ते पाहावे. वारसा सिद्ध करून तेथे नाव नोंदवले नसेल, तर सरकारी कागदपत्रांत त्याचा उल्लेख त्या किताबाने होत नाही.