बीटा-ग्लोबिनच्या जनुकातील इंट्रॉन कसे ओळखावेत

प्रतिलेखनानंतर, म्हणजे जनुकाची आरएनए प्रत तयार झाल्यावर, पेशी आरएनएमधून नेमके काय कापून टाकते, हे स्वतः पडताळून पाहायचे असेल तर मानवी बीटा-ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनमधील एका प्रथिनाच्या) जनुकापासून सुरुवात करावी, कारण ते आटोपशीर असून त्यात तीन एक्झॉन (तयार आरएनएत टिकणारे भाग) आणि दोनच इंट्रॉन (कापून टाकले जाणारे भाग) आहेत. पहिला इंट्रॉन 130 अक्षरांचा (ए, टी, जी, सी ही डीएनएची अक्षरे), दुसरा 850 अक्षरांचा.

जनुकाचा क्रम आणि तयार एमआरएनएचा (इंट्रॉन काढून टाकलेल्या आरएनएचा) क्रम एकाखाली एक मांडून जुळवावेत. जुळणी तुटते तिथे इंट्रॉन सुरू होतो. परंतु पहिल्या एक्झॉनचा आणि पहिल्या इंट्रॉनचा शेवट एजी याच अक्षरांनी होत असल्यामुळे सीमारेषा दोन-तीन अक्षरे सरकलेली दिसू शकते. अशा वेळी इंट्रॉनचा आरंभ जीटी आणि शेवट एजी होईल, अशा रीतीने ती बसवावी. शेवटच्या एजीच्या आधी सी व टी यांची दाटी आहे का, हेही पाहावे.

केवळ जीटी पाहून मात्र कधीही थांबू नये. पहिल्या इंट्रॉनचा आरंभ जीटीटीजीजी असा आहे आणि भारतात सर्वाधिक आढळणाऱ्या बीटा-थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या उत्परिवर्तनात (जनुकातील बदलात) यातील पाचव्या अक्षराच्या, म्हणजे जीच्या, जागी सी येतो. जीटी शाबूत राहूनही इंट्रॉनचा आरंभ ओळखणाऱ्या यू1 आरएनएची पकड सैल होते, पेशी आसपासच्या चुकीच्या जागी काप घेते आणि उपयुक्त बीटा-ग्लोबिन फारच थोडे तयार होते. म्हणून आरंभीची किमान सहा अक्षरे तपासावीत.