टीआय-८४ वर ठिपक्यांचा आलेख: आधी जुनं पुसा

माझी मुलगी इथे न्यू जर्सीत नववीत आहे. गणिताच्या तासाला तिला टीआय-८४ प्लस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर लागतो. मी आलेखाच्या वहीत टोकदार पेन्सिलीनं बिंदू मांडत शिकलेली, त्यामुळे हे यंत्र तिच्याबरोबरच शिकले. स्कॅटरप्लॉट, म्हणजे ठिपक्यांचा आलेख, काढताना मुलं अडतात ती बहुतेक वेळा कालच्या गृहपाठाच्या उरलेल्या आकड्यांपाशी. म्हणून सुरुवात पुसण्यापासून.

स्टॅट दाबा, १ म्हणजे एडिट निवडा. एल१, एल२ असे रकाने दिसतील. वरच्या बाणानं थेट ‘एल१’ या नावावर जा, क्लिअर दाबा, मग एंटर. एल२ चंही तसंच. डेल मात्र दाबू नका. परीक्षेच्या आदल्या रात्री लेकीनं डेल दाबलं आणि अख्खा एल१ गायब झाला, अगदी रडकुंडीला आली. तसं झालंच तर स्टॅट, ५ (सेटअप एडिटर), एंटर. रकाना आतल्या आकड्यांसकट परत येतो. वाय= मधली जुनी समीकरणंही काढून टाका, नाहीतर ठिपक्यांमधून भलतीच रेषा जाते.

सरावाला आकडे खरे घ्यावेत, मुलं मन लावून बघतात. मी ओल्ड फेथफुलचे घेते. वायोमिंगमधल्या यलोस्टोन उद्यानातला हा उकळत्या पाण्याचा फवारा. तो किती मिनिटं उडाला ते एल१ मध्ये, पुढच्या वेळेसाठी किती मिनिटं थांबावं लागलं ते एल२ मध्ये. संख्याशास्त्र शिकवताना नेहमी वापरतात त्या २७२ नोंदींमधल्या या पहिल्या सहा, पहिला आकडा एका दशांश स्थळापर्यंत: ३.६ आणि ७९, १.८ आणि ५४, ३.३ आणि ७४, २.३ आणि ६२, ४.५ आणि ८५, २.९ आणि ५५. जोडीतले दोन्ही आकडे एकाच ओळीत यायला हवेत. एखादा सुटला की ‘डायमेन्शन मिसमॅच’ असा संदेश येतो. तेव्हा दोन्ही रकाने शेवटपर्यंत खाली जाऊन मोजा.

आता सेकंड आणि वाय= या कळा, म्हणजे स्टॅट प्लॉट. प्लॉट१ उघडून ऑन करा, पहिलं, सुट्या ठिपक्यांचं चित्र निवडा. एक्सलिस्टला एल१ (सेकंड, १), वायलिस्टला एल२ (सेकंड, २). मग झूम, ९ (झूमस्टॅट). सहा ठिपके पडद्यावर येतात.

इथे जरा थांबा. झूमस्टॅट ठिपके मावतील एवढाच पल्ला घेतो, त्यामुळे अक्ष दिसतच नाहीत. लेकीनं वहीत उतरवताना डाव्या कोपऱ्यात सरळ शून्य लिहिलं होतं. विंडो दाबून एक्समिन आणि वायमिन, म्हणजे दोन्ही अक्षांचे सुरुवातीचे आकडे, बघा, तेच लिहा. मग ट्रेस दाबून बाणांनी एकेका ठिपक्यावर जा. ठिपके उजवीकडे चढत जातात, म्हणजे फवारा जास्त वेळ उडाला की पुढची वाटही लांबते. २.९ वाला मात्र बराच खाली आहे. तो आधी डोळ्यांनी टिपायला हवा, रेषा नंतर.

ठिपक्यांच्या जास्तीत जास्त जवळून जाणाऱ्या सरळ रेषेसाठी स्टॅट, उजवीकडे कॅल्क, ४ (लिनरेग). ‘स्टोअर रेगइक्यू’ असं विचारलं तर अल्फा आणि ट्रेस दाबून वाय१ निवडा, मग कॅल्क्युलेट. ए (रेषेचा चढ) सुमारे १२.१७, बी (एक्स शून्य असतानाचा वाय) सुमारे ३०.८५ येतं. आर (ठिपके रेषेला किती धरून आहेत ते सांगणारा आकडा) दिसला नाही तर मोडमध्ये स्टॅट डायग्नोस्टिक्स ऑन करा, तो ०.९० च्या आसपास आहे. ग्राफ दाबलं की रेषा दिसेल. तिच्या हिशेबानं २.९ ला ६६ मिनिटं यायला हवी होती, आली ५५.

काम झाल्यावर स्टॅट प्लॉटमध्ये जाऊन प्लॉट१ ऑफ करा. तो चालू राहिला आणि रकाने पुसलेले असले तर उद्या साधा आलेख काढतानाही ‘इनव्हॅलिड डायमेन्शन’ येतं, आणि चूक समीकरणात शोधत तास जातो.