क्लेमचा वकील हलतच नव्हता, मग आम्ही काय केलं

वेर्ण्याला ट्रकने ठोकरल्यावर भावोजींचा भरपाईचा क्लेम मडगावच्या ट्रिब्युनलात (अपघात भरपाईचं कोर्ट) घातलेला, पण वकिलाला कधीही फोन करा, उत्तर एकच, "चाललंय, तारीख पडलीय". शेवटी क्लार्ककडून सीएनआर नंबर काढला (प्रत्येक केसचा वेगळा नंबर, १६ अक्षरं-आकडे असतात) आणि ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला. रोजनामा (कुठल्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) वाचून डोकंच फिरलं, तारखा इन्शुरन्सवाले नाही तर आमचाच वकील मागत होता आणि अपंगत्वाचा दाखला फाईलला लावलेलाच नव्हता!

मग फोन बंद, सगळं रजिस्टर्ड पोस्टाने लेखी: दाखला कधी लावणार, साक्ष कधी, फाईलची कॉपी द्या. उत्तर शून्य. दुसरा वकील बघितला तर पहिला म्हणे आधी फी द्या मग एनओसी (वकील बदलायला हरकत नाही असं पत्र) आणि पेपर. पण फीसाठी अशिलाची फाईल अडवून ठेवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय (आर. डी. सक्सेना केस). नव्या वकिलाने हेच पत्रात लिहिलं, तसे पेपर आले, एनओसी मात्र नाही, म्हणून ट्रिब्युनलात अर्ज करून वकील बदलायची परवानगी घेतली. वकील भरपाईच्या टक्क्यांवर फी मागत असेल तर सरळ नाही म्हणा, बार काउन्सिलच्या नियमात ते बसत नाही. पैशांची ओढाताण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना तर उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. आता दाखला लागलाय, भावोजींची साक्ष सुरू आहे.